वीरण्णाची माती

जिवंत माणसाची माती करायची आहे, असं मुंबईचा डायरेक्टर ओट्यावर बसून सांगत होता, आणि ज्याची करायची तो वीरण्णा समोर बसून हसत होता. वीरण्णाची बायको गुरम्मा चहा द्यायला आली होती, तिने हातातला कप तसाच खाली ठेवला. माती म्हणजे मयत पुरणं. भल्या घरात हा शब्द सहज कुणी काढत नाही. ह्या लोकांनी तो चहाबरोबर काढला होता.

"काकू, घाबरू नका," डायरेक्टर म्हणाला. नाडकर्णी त्याचं नाव. बोलायला गोड, कामाला कडू. "नुसता सिनेमा आहे. काका थोडा वेळ डोळे मिटून बसतील, एवढंच."

"आन मंग उठतील?" गुरम्माने विचारलं.

सगळे हसले. तिने मात्र विनोद केला नव्हता.

लातूरचा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांचा रंगसुद्धा अजून ओला. पाऊस तेवढा जुन्यासारखाच, म्हणजे नाहीच. औशापासून दोन कोसांवरच्या त्या चिंचोलीत आड कोरडे पडले होते आणि टँकरचा अर्ज जुन्या जिल्ह्याहून नव्या जिल्ह्याकडे येताना वाटेत कुठे तरी विसावला होता. अशात ही कंपनी आली. निजामाच्या काळात ह्या गावात जन्मलेला मडिवाळप्पा म्हणे मोठा चित्रकार झाला, हैदराबादेत शिकला, पॅरिसात मेला, आणि आता त्याच्या चित्रांपुढे गोरे लोक तासन्‌तास उभे राहतात. त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायचा होता. गावात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण कंपनीबरोबर पाण्याचा टँकर आला, कंपनीने पिऊन उरलेलं पाणी गावाला मिळू लागलं, तसा जो तो मडिवाळप्पाचा चुलतभाऊ निघायला लागला.

तर गोष्ट अशी होती. मडिवाळप्पा लहान असताना त्याचा बाप वारला. लिंगायतांच्या रीतीने बापाला अंघोळ घातली, अंगभर भस्म लावलं, मांडी घालून विमानात, म्हणजे सजवलेल्या बसत्या तिरडीत, बसवलं. आणि त्या बसलेल्या बापाचं चित्र मुलाने कोळशाने भिंतीवर काढलं. ते त्याचं पहिलं चित्र. नाडकर्णीला ती माती हुबेहूब पाहिजे होती. मुंबईहून आणलेल्या नटाचे गुडघे मांडी म्हटली की बोंब मारायचे. इकडे वीरण्णा रोज पूजेला ताठ बसणारा, रुंद कपाळाचा, पांढऱ्या मिशांचा. किराणा दुकानाच्या गादीवर बसलेला त्याला पाहिलं आणि नाडकर्णी ओरडलाच, "हाच माझा मेलेला माणूस!"

ते गुरम्माने दाराआडून ऐकलं होतं.

"न्हाई म्हना त्येला," ती नवऱ्याच्या मागे लागली. "आपली रीत काय खेळ हाय व्हय? जित्या मानसाला भस्म फासून विमानात बसवून राहिले!"

"अगं, मी न्हाई म्हनलो तर ही लोकं दुसऱ्या गावाला जातील. टँकर बी जाईल. मंग गाव मला खरंच गाडील." वीरण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "आन मला सांग, आपली माती आपल्याच डोळ्यानं बघायला कुनाला मिळती? मला मिळून राहिलीय, तर तुला जळजळ."

"डोळे तर मिटूनच बसायचंय तुमाला."

"मंग कानानं ऐकीन. कोन किती रडतंय त्ये तरी कळंल."

असा हा माणूस. मरणाचीही थट्टा करायचा. गुरम्माला त्याचा हाच स्वभाव लग्नापासून आवडत आला होता, आणि आता तोच नकोसा झाला होता. तिला वाटायचं, थट्टा ऐकून घेणारा प्रत्येक जण हसतोच असं नाही. कुणी तरी ती खरी धरून बसतं.

टँकरपाशी घागरी लावलेल्या बायकांनी तर तिला सरळच सांगितलं. "दोन दिस तोंड मिटून बस माय," सरजाबाई म्हणाली. "लेकरांच्या घशात पानी पडून राहिलंय. तुझ्या भ्यापायी त्ये बी तोडू नको." सरजाबाई बोलायला फटकळ, पण खोटं बोलत नव्हती. आणि गुरम्माचा तरी जीव त्या पाण्यात नव्हता का? तिची एकुलती एक कमळा रेणापूरला दिलेली, तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण घागरभर पाण्यावर बाळंतपण कसं करायचं, म्हणून पोरीला आणणं लांबलं होतं. माती नीट झाली तर महिनाअखेरपर्यंत टँकर ठेवतो, असं नाडकर्णीने कबूल केलं होतं. म्हणजे एका हाताला नवरा आणि दुसऱ्या हाताला लेक. गुरम्मा गप्प बसली ती अशी.

मेलेल्याच्या बायकोचं काम गुरम्मानेच करावं, असंही नाडकर्णीच्या मनात आलं. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. ती उठून आत गेली आणि कडी लावून घेतली. मग ते काम सरजाबाईकडे गेलं. ती खरीच विधवा. तिला बांगड्या कंपनीनेच दिल्या, फोडण्यापुरत्या. "नवरा माझा आन रंडकी तू," गुरम्मा तिला म्हणाली. सरजाबाई हसली नाही. "बांगड्या भरताना हात भरून आला बाई," एवढंच म्हणाली.

गुरम्माने आपल्या परीने बंदोबस्त केला. गावचे जंगम काशय्या स्वामी. मातीचा विधी तेच करणार. ती त्यांच्या पाया पडली.

"स्वामी, एक मागते. मंतर खरा म्हनू नका."

काशय्यांनाही मनातून ते काम रुचलं नव्हतं. पण त्यांच्या दारातही रिकामी घागर होतीच. त्यांनी विचार करून सांगितलं, "पाढे म्हनतो. सतराचा पाढा मंतराच्या चालीवर. मुंबईच्या लोकांना काय कळतंय?"

"आन पाय?" मयताच्या मस्तकावर जंगमाचा पाय ठेवायची रीत आहे. तो ठेवला की माणूस इथला राहत नाही, शिवाचा होतो.

"पाय वरच्या वर धरतो. टेकवत न्हाई."

मयताच्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं लिंग देतात, तेही वीरण्णाला द्यायचं नाही, नदीतला काळा गोटा द्यायचा, हेही ठरलं. गुरम्माला थोडं हलकं वाटलं. सगळं खोटं असलं की मरण फसेल, असा तिचा हिशेब. मरणालाही मुंबईच्या लोकांसारखं काही कळत नसावं, असं ती धरून चालली होती.

पण खड्डा खोटा खणता येत नाही.

आदल्या दिवशी दुपारी ती माळावर गेली. व्यंकटी शेजारच्या आळीतला, दुष्काळी कामावर खडी फोडणारा. कंपनीने त्याला खणायला लावलं होतं. तो छातीपर्यंत आत उभा होता. चौकोनी खड्डा, उतरायला पायऱ्या, आणि एका भिंतीत माणूस मांडी घालून मावेल असा कोनाडा. काटेकोर झाला होता. त्या कोनाड्याकडे पाहिल्यावर गुरम्माच्या डोळ्यांसमोर नवऱ्याची रुंद पाठ आली. अगदी मापाचा होता मेला.

व्यंकटीने फावडं टेकवलं. "वैनी, बोलू का नको कळंना. खनलेला खड्डा रिकामा ठिवू नये म्हनतात. त्यो मागून घेतो."

"मंग बुजव. आत्ताच्या आत्ता बुजव."

"सायेब म्हनले सकाळी पायजे. रातभर उघडा ऱ्हानार."

गुरम्मा तडक घरी आली. घरी येऊन बघते तर वीरण्णा देवघरापुढे मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, हात मांडीवर. सराव चालला होता. तिने हाक मारली. पुन्हा हाक मारली, "अहो!" छाती हलताना दिसेना. तिने पुढे होऊन त्याचा गुडघा गदागदा हलवला, तेव्हा त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "कसा जमला?"

तिने त्याच्या मांडीवर चापट मारली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तो बावरला. "अगं येडे, उद्या दुपारी जेवायला घरीच हाय मी," म्हणाला. तिला ते आवडलं नाही. उद्याचं असं छातीठोक कुणी बोलू नये.

आणि मग तिला सासूचं आठवलं. खूप वर्षांपूर्वी सासूने अंगणात कावळा-कावळीची संगत बघितली होती. तसं दिसलं की घरात मरण येतं म्हणतात. त्यावर उताराही तेवढाच जुना आहे: रक्ताच्या नात्यात खोटाच सांगावा धाडायचा, की अमकं माणूस गेलं. ते ऐकून खरे अश्रू गळले की मरणाला त्याचा वाटा पोचतो, ते परत फिरतं. ज्याच्या नावाने रडले त्याला उलट आयुष्य मिळतं. सासूने असाच भावाकडे सांगावा धाडला होता. भाऊ रडत आला, शिव्या देत गेला, आणि सासू पुढे पंचवीस-तीस वर्षं जगली.

उद्या गाव रडणार होतं, पण ते रडणं कंपनीचं. कंपनीकडे डोळ्यांत पाणी आणायची बाटलीसुद्धा होती. त्या पाण्याने काय होणार? वीरण्णाला भाऊ नाही, बहीण नाही. खरं रडणारी रक्ताची एकच होती.

पोर गर्भार आहे, हे गुरम्माच्या मनात आलं नाही असं कुणी म्हणू नये. आलं. ती चुलीपुढे हातातली फुंकणी तशीच धरून बसली आणि तेच एक घोळत राहिली. मग रडल्याने कुणी मरत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. बाप डोळ्यांपुढे हसताना दिसला की पोर निवेल, त्याच निमित्ताने माहेरी येईल, टँकर आहेच. भ्यालेल्या माणसाला कारणं लवकर सापडतात.

कंपनीची जीप दिवेलागणीला लातूरला निघाली. तिच्यात व्यंकटीला तिने बसवलं. "सकाळच्या पहिल्या गाडीनं रेणापूरला जा. कमळीला म्हन, अप्पा गेले. एवढंच म्हन. आन तिला संगं घेऊन ये, एकटी सोडू नको."

"वैनी, पोटुशी बाई हाय ती..."

"तूच म्हनलास ना, खड्डा मागून घेतो?"

व्यंकटीने मान खाली घातली. त्यालाही तो उतारा ठाऊक होता.

सकाळी वीरण्णाला दुकानापुढे पाटावर बसवून भस्म लावलं. कपाळ, गाल, छाती, दंड, पाय. मिशाही पांढऱ्याच, त्यामुळे माणसाचा रंग म्हणून कुठे उरला नाही. लातूरच्या बाजारातून आणलेले केळीचे खुंट विमानाला बांधले होते. त्यात त्याला बसवलं, मान सरळ राहावी म्हणून कपाळाला पट्टा बांधून मागच्या बांबूला आवळला, तशी रीतच आहे. हलगी वाजू लागली. "हर हर महादेव" झालं. नाडकर्णी कॅमेऱ्यामागून हात हलवून सांगत होता, पण थोड्या वेळाने त्याच्याकडे कुणी बघेना. गावाला हे काम शिकवावं लागत नव्हतं. पुरुष आपोआप टोप्या काढून चालू लागले. एक म्हातारी दारातून उठली आणि खरंच विमानावर बेल टाकून पाया पडली. सरजाबाईने दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि जो हंबरडा फोडला तो सिनेमातला नव्हता. तिचा माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती, त्याच्या नावाने होता. सगळं खोटं करायचं ठरलं होतं आणि एकेक गोष्ट खरी होत चालली होती.

गुरम्मा कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली. रस्त्याकडे एक डोळा, खड्ड्याकडे एक. वीरण्णाला खाली उतरवून कोनाड्यात बसवलं. काशय्या स्वामी पायऱ्या उतरून समोर गेले, आणि त्यांचा घोगरा आवाज वर आला.

"सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक एक्कावन्न..."

गुरम्माचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. म्हणत राहा स्वामी, म्हणत राहा.

"सतरा चोक अडुसष्ट..." त्यांनी ताटातला बेल उचलला. भस्माचा वास, हातात बेल, समोर बसलेला माणूस. चाळीस वर्षं ह्याच जागी उभं राहून जे म्हटलं ते जिभेच्या टोकाशीच होतं. अडुसष्टनंतर ते थांबले. पुढचे जे शब्द आले ते पाढ्यातले नव्हते. गुरम्माने ते शब्द सासऱ्याच्या मातीला ऐकले होते, स्वतःच्या आईच्या मातीला ऐकले होते. स्वामींचे डोळे मिटलेले. आपण काय म्हणतोय ह्याची त्यांना शुद्धच नव्हती. आणि म्हणता म्हणता त्यांनी उजवा पाय उचलला आणि तो वीरण्णाच्या मस्तकावर टेकवला. चांगला टेकवला.

तिला ओरडायचं होतं. ती पुढे धावली तर कंपनीच्या एका माणसाने तिचं मनगट धरलं आणि तोंडावर बोट ठेवलं. खड्ड्याच्या काठावरच्या लोकांनी रिवाजाने मूठ मूठ माती टाकायला सुरुवात केली होती. ती वीरण्णाच्या खांद्यावर पडत होती, मांडीवर पडत होती. तो हलत नव्हता. इतका थट्टेखोर माणूस, ओठाचा कोपराही हलत नव्हता. गेला, गुरम्माला वाटलं. माझ्या देखत गेला, आणि हे लोक फोटो काढून राहिलेत.

"अप्पाऽऽऽ!"

रस्त्याच्या बाजूने ती हाक आली आणि माळावरची सगळी माणसं वळली. कमळा येत होती. केस सुटलेले, पदराचं भान नाही, दोन्ही हातांनी पोट खालून सावरलेलं, आणि ढेकळांतून जवळजवळ पळत. व्यंकटी मागून "ताई, हळू, हळू" करत होता. लोक बाजूला झाले. ती खड्ड्याच्या काठाशी आली, भस्म लावून बसलेला बाप तिने बघितला आणि गुडघ्यांवर पडली. असं रडणं गुरम्माने कधी ऐकलं नव्हतं. त्यात शब्द नव्हते. रीत म्हणून नव्हतं, लोकांसाठी नव्हतं.

वीरण्णाने डोळे उघडले.

कमळाचं रडणं मध्येच तुटलं. तोंड उघडंच राहिलं. भस्माच्या पांढऱ्या तोंडात बापाचे दोन जिवंत डोळे तिच्याकडे बघत होते.

"कमळे?" वीरण्णा म्हणाला. "अगं, तू कशी आलीस?"

नंतर एकच गलका झाला. काशय्या स्वामी भानावर येऊन पायरीवरच बसले. नाडकर्णीला तर आकाश ठेंगणं झालं. त्याला हवं ते सगळं मिळालं होतं, डोळे उघडले तेवढं काटून टाकता येतं म्हणाला. कमळाने बापाच्या तोंडावरून हात फिरवला, मग छातीवर ठेवला, मग पुन्हा तोंडावरून. तिचे तळवे पांढरे झाले. वीरण्णा हसत सुटला. "बातमी रेणापुरापोतर गेली म्हना की! आता मी काय शंभर वर्षं मरत न्हाई." गाव हसलं. व्यंकटी तेवढा जमिनीकडे बघत होता.

गुरम्मा हसली नाही, पण तिला आनंद झाला. उतारा लागू पडला होता. खड्डा पूर्ण बुजवून, वरून पाय देऊन दाबेपर्यंत ती माळावरून हलली नाही. मग टँकरमधून दोन घागरी भरून घेतल्या. बायकांनी तिला रांगेत पुढे जाऊ दिलं.

घरी कमळा आतल्या खोलीत पडून होती. बाहेर ओट्यावर वीरण्णा जमलेल्या लोकांना मेल्यावर कसं वाटतं ते सांगत होता आणि हशा पिकत होता. गुरम्माने पोरीचे पाय धुतले, तेल लावलं, पाण्याचा तांब्या तोंडाशी धरला. कमळा घटाघटा प्यायली. शेवटी गुरम्मालाच राहवेना.

"कमळे, सांगावा मीच धाडला होता. खोटा. तुझ्या अप्पावर आलं होतं. तुझ्या रडन्यानं टळलं बघ. रागवू नको माय."

कमळा आढ्याकडे बघत होती. "रागवत न्हाई. अप्पा उठले ना?"

"उठले की. ऐकू येईना का बाहेर?"

"मंग झालं. देवानं ऐकलं माझं."

"काय ऐकलं?"

"लातुरात गाडी थांबली होती. मी सिद्धेश्वराच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले." कमळाचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "म्हनलं, अप्पाला उठव. वाट्टेल त्ये घे. माझ्या पोटातलं घे, पर अप्पाला उठव."

गुरम्माने तेलाची वाटी खाली ठेवली.

"असं कसं म्हनलीस गं?"

"माझ्याजवळ दुसरं काय होतं माय, गाडीत?"

बाहेर पुन्हा हशा झाला. वीरण्णाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. गुरम्माने लेकीच्या पोटावर तळवा ठेवला. बाळ हलतं का ते बघू लागली. काही कळेना म्हणून तिने हात थोडा खाली सरकवला.

"सकाळी हललं होतं का?"

"रेणापुरात गाडीत बसताना हललं होतं," कमळा म्हणाली.

गुरम्माने दुसरा हातही ठेवला, आणि बाहेरच्या लोकांनी जरा गप्प बसावं म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली.